कोयत्याची पुढची पिढी

आर्थिक विषमतेच्या चर्चेत दोन वेगळे प्रश्न नेहमी एकमेकांत मिसळले जातात. पहिला प्रश्न आजच्या दरीचा आहे, म्हणजे एकाच वर्षात, एकाच राज्यात वरच्या आणि खालच्या कुटुंबांच्या कमाईत किती अंतर आहे याचा. दुसरा वारशाचा आहे, म्हणजे खालच्या कुटुंबात जन्मलेले मूल मोठेपणी कुठवर पोचते आणि तिथे पोचण्यात त्याच्या अंगच्या गुणांचा वाटा किती व आईवडिलांच्या परिस्थितीचा किती, याचा. पहिल्या प्रश्नाची फारशी चिंता न करणारे लोक बहुधा दुसऱ्याचा आधार घेतात; आज दरी असली तरी कष्टकऱ्याचा हुशार मुलगा उद्या पुढे जाणारच आहे, मग दरीचा एवढा बाऊ कशाला, असा त्यांचा युक्तिवाद असतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील संशोधनाने नेमका हाच आधार डळमळीत केला आहे, कारण दरी जिथे रुंद आहे तिथे मुलांची पुढे जाण्याची शक्यताही कमी आहे, असे एकामागून एका देशाच्या आकडेवारीतून दिसू लागले आहे.

दरी मोजण्याचे सर्वांत रूढ माप म्हणजे गिनी गुणांक. इटालियन संख्याशास्त्रज्ञ कोर्राडो गिनी यांनी १९१२ मध्ये मांडलेल्या या मापात सर्वांचे उत्पन्न सारखे असेल तर शून्य आणि सगळे उत्पन्न एकाच माणसाच्या हाती असेल तर एक असा आकडा येतो. भारतासाठी हा आकडा कशावरून काढायचा, यावर मोठा मतभेद आहे. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीवरून जागतिक बँकेने काढलेला भारताचा गिनी गुणांक सुमारे ०.२५५ आहे आणि त्याच्या आधारे भारत हा जगातील सर्वांत समान देशांपैकी एक असल्याचे २०२५ मध्ये सरकारतर्फे सांगितले गेले. परंतु हा गुणांक खर्चाचा आहे. गरीब कुटुंब मिळवलेले सगळे खर्च करते, अडीनडीला कर्ज काढूनही खर्च करते, तर श्रीमंत कुटुंबाच्या मिळकतीचा मोठा हिस्सा जमीन, सोने आणि शेअर यांत साठत जातो आणि खर्चाच्या पाहणीत तो दिसतच नाही. शिवाय पाहणी करणाऱ्या कर्मचाऱ्याला झोपडीत सहज प्रवेश मिळतो तसा उंच इमारतीतील सदनिकेत मिळत नाही. नितीन कुमार भारती, लुकास शांसेल, थॉमस पिकेटी आणि अनमोल सोमंची यांनी २०२४ मध्ये प्राप्तिकराची आकडेवारी, राष्ट्रीय उत्पन्नाचे हिशेब आणि अशा पाहण्या एकत्र करून १९२२ ते २०२३ या शतकभराचा जो आढावा घेतला, त्यातले चित्र अगदी वेगळे आहे. त्यांच्या अंदाजानुसार १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला देशाच्या उत्पन्नातला सुमारे ६ टक्के वाटा सर्वांत वरच्या एक टक्का लोकांकडे जात होता, तो २०२२-२३ पर्यंत २२.६ टक्क्यांवर गेला आणि खालच्या निम्म्या लोकसंख्येच्या वाट्याला सगळे मिळून १५ टक्के उत्पन्न आले. संपत्तीच्या बाबतीत तर वरच्या एक टक्क्याकडे ४० टक्क्यांहून अधिक वाटा आहे. या अंदाजांच्या पद्धतीवर अर्थतज्ज्ञांनी आक्षेपही घेतले आहेत. पण मुलांच्या भवितव्याचा विचार करायचा असेल तर महिन्याच्या किराण्यापेक्षा उत्पन्न आणि संपत्ती यांकडेच पाहावे लागते, कारण पुढच्या पिढीच्या हाती पडते ती शिल्लक.

आईवडिलांच्या आणि मुलांच्या आर्थिक स्थितीतल्या या नात्याला आंतरपिढीय गतिशीलता म्हणतात आणि तिचे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. मुलाला वडिलांपेक्षा जास्त मिळते का, हे पाहणे म्हणजे निरपेक्ष गतिशीलता. समाजाच्या एकूण रांगेत वडील ज्या जागी होते त्या जागेवरून मूल पुढे सरकले का, हे पाहणे म्हणजे सापेक्ष गतिशीलता. वडील निरक्षर आणि मुलगा दहावी झालेला, घर आधी कुडाचे आणि आता विटांचे, ही निरपेक्ष प्रगती खरीच असते आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्याच काळात बागायतदाराचा मुलगा अभियंता झाला असेल, तर रांगेतले दोघांमधले अंतर तसेच राहते. नोकरी, घर, चांगली शाळा यांसारख्या मर्यादित गोष्टींची वाटणी रांगेतल्या जागेवरूनच होत असल्यामुळे दहावीचे प्रमाणपत्र हाती आलेला मुलगा फसवणूक झाल्यासारखा अस्वस्थ होतो, आणि त्याची ती अस्वस्थता निराधार नसते.

ही गतिशीलता आकड्यात मांडण्याची एक सोपी रीत अशी की वडिलांचे उत्पन्न त्यांच्या पिढीच्या सरासरीपेक्षा जितके वर किंवा खाली होते, त्यातला किती हिस्सा मुलाच्या उत्पन्नातही टिकून राहिला ते पाहायचे. कॅनडातील अर्थशास्त्रज्ञ माइल्स कोराक यांनी वेगवेगळ्या देशांचे असे आकडे जुळवले, तेव्हा डेन्मार्कमध्ये हा हिस्सा सुमारे १५ टक्के आणि अमेरिकेत सुमारे ४७ टक्के आढळला. म्हणजे बापाच्या गरिबीचा किंवा श्रीमंतीचा जवळजवळ निम्मा भाग अमेरिकेतला मुलगा घेऊन चालतो. हे आकडे त्या त्या देशाच्या गिनी गुणांकासमोर मांडले की अधिक विषमता असलेले देश कमी गतिशीलतेच्या बाजूला सरकलेले दिसतात. ओबामा यांचे आर्थिक सल्लागार अॅलन क्रूगर यांनी जानेवारी २०१२ मधल्या भाषणात या आलेखाला ‘ग्रेट गॅट्सबी वक्र’ हे नाव देऊन तो लोकांपुढे आणला आणि पायऱ्यांमधले अंतर वाढले की शिडी चढणेही अवघड होते, ही साधी गोष्ट अर्थशास्त्राच्या चर्चेत ठळक झाली.

अमेरिकेचे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे वाटावे असे आहे, कारण इथल्या मध्यमवर्गाने दोन पिढ्या आपल्या मुलांचे भवितव्य त्याच देशात शोधले. दिल्लीत जन्मलेले अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांचे सहकारी यांनी तिथल्या कराच्या नोंदींवरून २०१७ मध्ये दाखवून दिले की १९४० मध्ये जन्मलेल्या मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुले आईवडिलांपेक्षा अधिक कमावू लागली, तर १९८० च्या दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण निम्म्यावर आले. त्यांनी याच्या पुढचा हिशेबही केला. देशाच्या वाढीचा वेग पूर्वीइतका केला पण वाटणी आजचीच ठेवली, तर हे प्रमाण ६२ टक्क्यांच्या आसपास येते. वेग आजचाच ठेवून वाटणी मात्र पूर्वीसारखी केली, तर ते ८० टक्क्यांवर जाते. विकासाचा दर वाढला की सर्वांच्या मुलांचे भले आपोआप होईल, असे मानणाऱ्या प्रत्येकाने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

भारतात असा अभ्यास करणे कठीण आहे, कारण बहुसंख्य लोक प्राप्तिकराच्या नोंदीत येत नाहीत. त्यामुळे संशोधकांना वडिलांच्या आणि मुलांच्या शिक्षणाची तुलना करावी लागते. सॅम अॅशर, पॉल नोव्होसाद आणि चार्ली रॅफकिन यांनी अशा पद्धतीने काढलेला निष्कर्ष गंभीर आहे. शिक्षणाचा एवढा प्रसार होऊनही सापेक्ष गतिशीलता उदारीकरणाच्या आधी होती तिथेच जवळपास थांबली आहे; मात्र या सरासरीच्या पोटात अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांची स्थिती सुधारली आहे आणि मुस्लिम मुलांची खालावली आहे. राखीव जागा, शिष्यवृत्त्या, वसतिगृहे आणि राजकीय जागृती यांचा परिणाम होतो, हे यातून दिसते. ज्या समूहाच्या वाट्याला यांतले फारसे आले नाही त्याची मुले मागे पडतात, हेही दिसते. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या २०१८ च्या अहवालाने तळातल्या दहा टक्क्यांतील कुटुंबाला देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत पोचायला किती पिढ्या लागतील याचा अंदाज दिला होता. डेन्मार्कसाठी तो दोन पिढ्यांचा आहे आणि भारतासाठी सात.

महाराष्ट्रात हा प्रश्न नवा नाही, किंबहुना या प्रांतात तो फार लवकर विचारला गेला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो, हे स्पष्टपणे मांडले आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. आजच्या भाषेत बोलायचे तर सार्वजनिक पैसा विषमता पुढच्या पिढीकडे कसा पोचवतो, याचेच ते विश्लेषण होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडली आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि ‘कमवा व शिका’ या योजनेतून फी भरायला पैसे नसलेला मुलगा स्वतःच्या श्रमावर पदवीपर्यंत जाऊ लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे मुंबईला आणि औरंगाबादला महाविद्यालये काढली, आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना राजकारणातली समता व समाजातली विषमता फार काळ एकत्र नांदू शकणार नाहीत, असा इशाराही दिला. पुढे यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना फी माफ करणारी ई.बी.सी. सवलत आली. आज निवृत्त झालेल्या अनेक शिक्षकांच्या, अभियंत्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या शिक्षणामागे या सवलतीचा, एखाद्या वसतिगृहाचा आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचा हात आहे. त्यांच्या कष्टांचे मोल मोठेच. पण त्या कष्टांना वाट देणारी व्यवस्था समाजाने आधी उभी केलेली होती.

वर नेणारी वाट आणि तिच्या पायथ्याशी अडवलेली माणसे या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रात एकाच पिकाच्या इतिहासात शेजारी शेजारी पाहता येतात. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. सभासद शेतकऱ्याच्या हाती उसाचे पैसे आले, कारखान्याच्या परिसरात शाळा, दवाखाने आणि पुढे महाविद्यालये आली, आणि १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिल्यावर तर ऊस पट्ट्यातल्या मुलांना पुण्या-मुंबईपलीकडेही पदवी मिळू लागली. सहकारातून एका पिढीने दुसऱ्या पिढीला वर उचलल्याचे हे देशातल्या ठळक उदाहरणांपैकी एक आहे, आणि ते मान्य करूनच त्याच फडातल्या दुसऱ्या कुटुंबाकडे वळावे लागते.

बीड, अहिल्यानगरचा पूर्व भाग, जालना, धाराशिव अशा कोरडवाहू भागांतून दरवर्षी लाखो माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. या व्यवस्थेत मजूर एकटा मोजला जात नाही; नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ होतो आणि मुकादम त्या कोयत्याला हंगामाआधीच हजारो रुपयांची ‘उचल’ देतो. ही उचल कामातून फेडायची असते, म्हणून आजारपणामुळे एखादा दिवस चुकला तर त्याचा ‘खाडा’ लागतो आणि हंगाम संपताना रक्कम फिटली नसेल तर ती पुढच्या वर्षावर चढते. पहाटे अंधारात फडावर जायचे, ऊस बुडातून तोडायचा, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या आणि गाडी रात्री आली तर रात्री डोक्यावरून त्या भरायच्या, हा दिवसक्रम असतो. मजुरी टनावर ठरते. फडाजवळच्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळायला, पाणी आणायला, चूल पेटवायला घरातली आठ-दहा वर्षांची मुलगी लागते, आणि तिची शाळा नेमकी इथे सुटते. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलमध्ये संपते आणि गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, त्यामुळे हे मूल दरवर्षी शाळेच्या निम्म्याहून अधिक वर्षाला मुकते. हजेरीपटावर नाव राहते, वरच्या वर्गात ढकललेही जाते, पण वाचता येत नसल्यामुळे सहावी-सातवीच्या सुमारास ते स्वतःच शाळेचा नाद सोडते.

मुलींच्या बाबतीत या व्यवस्थेचे टोक अधिक जाचक होते. वयात आलेल्या मुलीला गावी एकटे ठेवायचे कसे, ही आईवडिलांची चिंता खरी असते. दुसऱ्या बाजूला, तरुण मुलाचे लग्न झाले की घरात आणखी एक कोयता तयार होतो आणि आणखी एक उचल मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले आणि बीड जिल्ह्यात हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होते. याला केवळ रूढी म्हणून चालत नाही. कामाचे एकक जोडपे असेल आणि रोख पैसे मिळण्याचा मार्ग उचल हाच असेल, तर बालविवाह हा त्या अर्थव्यवस्थेचा भाग होतो. कायद्याची पत्रके वाटून तो थांबत नाही.

ऊस तोडणाऱ्याचे मूल आणि ऊस लावणाऱ्याचे मूल यांच्यातले हे अंतर शाळेच्याही आधी सुरू होते. कुटुंब आरोग्य पाहणीच्या याच फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालील दर १०० मुलांपैकी ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली, आणि ही खुरटलेली वाढ दीर्घकाळच्या अपुऱ्या पोषणाची खूण मानली जाते. पहिल्या दोन-तीन वर्षांत शरीराची आणि मेंदूची जी वाढ राहून जाते, ती पुढे चांगल्या शाळेनेही पुरती भरून निघत नाही. त्यानंतर शाळेची पाळी येते. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीतल्या मुलांपैकी जेमतेम निम्म्यांना दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचता आला. ज्या घरात कोणीतरी शेजारी बसून अभ्यास घेणारे असते किंवा शिकवणीची फी परवडते, तिथे शाळेची उणीव घर भरून काढते. इतर घरांत ती तशीच राहते. त्यामुळे सार्वजनिक शाळा जितकी कमकुवत, तितका घरच्या परिस्थितीचा प्रभाव मोठा, असा सरळ हिशेब आहे. वाड्या-वस्त्यांवरच्या, वीसपेक्षा कमी पटाच्या चौदा हजारांहून अधिक शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार राज्यात २०२३ मध्ये पुढे आला, तेव्हा कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी विरोध केला तो याच कारणाने. शाळा तीन-चार किलोमीटर लांब गेली की सर्वांत आधी घरी बसते ती मुलगी.

पैशाखेरीज आणखी एक भांडवल पिढीजात चालत येते, ते म्हणजे ओळखीचे. चेट्टी यांच्या गटाने २०२२ मध्ये फेसबुकवरच्या अब्जावधी मैत्रींच्या नोंदी तपासून असे दाखवले की ज्या ठिकाणी गरीब आणि सुखवस्तू घरांतील माणसांची परस्परांत मैत्री असते, तिथली गरीब मुले मोठेपणी अधिक कमावतात. कुठल्या शाखेला जावे, कुठला अर्ज कधी भरावा, मुलाखतीला काय विचारतात, ही माहिती अशा मैत्रीतून सहज हाती लागते. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखल्या त्यामागे हाही विचार होता. त्यामुळेच सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळांना या अटीतून मोकळे करणारा नियम महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला, तेव्हा त्याचा अर्थ काही हजार जागांपुरता नव्हता. श्रीमंताचे आणि गरिबाचे मूल एका बाकावर बसण्याची कायद्याने दिलेली संधीच त्यामुळे जवळजवळ संपणार होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो नियम रद्द केला, हे फार चांगले झाले.

या सगळ्या अडथळ्यांतून पार पडलेल्या मुलापुढे शेवटी नोकरीचा प्रश्न उभा राहतो. एके काळी जेमतेम शाळा शिकलेल्या माणसालाही गिरणीत कायमची नोकरी, भविष्यनिर्वाह निधी आणि दिवाळीला बोनस मिळत असे आणि त्या पगारावर लालबाग-परळच्या चाळीत राहून तो मुलांना शिकवू शकत असे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरांतला हा आधार हळूहळू नाहीसा झाला, गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले आणि कामगारांच्या मुलांना मिळाली ती बहुधा कंत्राटी कामे. आता कायमची नोकरी म्हणजे सरकारी नोकरी असे समीकरण झाले आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. पुण्याच्या सदाशिव पेठेत आणि शास्त्री रस्त्यावर अभ्यासिकेची फी, खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे गावाकडून मागवत वयाची तिशी ओलांडणारी मुले या आकड्यांच्या मागे आहेत, आणि त्यांतल्या अनेकांचा खर्च कापूस किंवा सोयाबीन विकून, कधी जमीन गहाण टाकून भागवला जातो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे भारतात पदवीधर तरुणांतील बेरोजगारी २९ टक्के आहे, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ती साडेतीन टक्क्यांच्याही आत आहे. निरक्षर तरुणाला बेकार राहणे परवडत नाही, मिळेल ते काम तो करतो. पण ज्याच्या पदवीसाठी घराने सर्वस्व पणाला लावले त्याला मिळेल ते काम पत्करणे म्हणजे त्या घराचा हिशेब चुकल्याची कबुली वाटते. मराठा, धनगर अशा समाजांच्या आरक्षणाच्या मागण्यांमागची कळकळ याच ठिकाणी आहे. त्या मागण्यांच्या कायदेशीर बाजूविषयी मतभेद असू शकतात, पण शेती आणि कंत्राटी नोकरी या दोन्हींत पुढच्या पिढीला जागा उरली नाही, ही त्यांच्या मुळाशी असलेली भावना खोटी नाही.

विषमता हा निसर्गाचा नियम आहे आणि सरकार त्यात फारसे काही करू शकत नाही, असेही ऐकायला मिळते. महाराष्ट्राचा अनुभव याच्या विरुद्ध आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे ज्या कल्पनेचा प्रयोग केला, ती रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पोचली आणि १९७७ च्या कायद्याने मागेल त्याला काम हा हक्क झाला. २००५ चा राष्ट्रीय कायदा हा तिचाच वारसा. या योजनेच्या पैशासाठी १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला. आजही पगाराच्या पावतीवर दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३०० रुपये आणि वर्षाला २,५०० रुपये अशी जी कपात दिसते, तिचे मूळ इथे आहे. शहरातल्या नोकरदाराने दुष्काळी गावातल्या मजुराच्या घरची चूल पेटती ठेवावी आणि त्याच्या मुलाला गाव सोडावे लागू नये, हा तो करार होता आणि त्यावर राज्यात फारशी ओरड झाली नाही. याच देशात १९५३ मध्ये, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, मोठ्या वारसा संपत्तीवर संपदा शुल्क लागू झाले. ते १९८५ मध्ये रद्द झाले आणि संपत्ती करही २०१५ च्या अर्थसंकल्पात संपवला गेला. वसुलीपेक्षा भानगडीच जास्त, हे त्यामागचे कारण काही अंशी खरे होते, परंतु परिणाम असा झाला की वारसा म्हणून मिळालेल्या कोट्यवधींच्या संपत्तीवर काही द्यावे लागत नाही आणि महिन्याला पंधरा हजार कमावणाऱ्या पुरुषाच्या पगारातून मात्र व्यवसाय कर कापला जातो. मोठ्या वारशावर माफक कर पुन्हा लावून तो पैसा अंगणवाड्या आणि प्राथमिक शाळा यांसाठीच राखून ठेवणे हे न्याय्य आहे आणि महाराष्ट्राच्या परंपरेला धरूनही आहे.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काय करायला हवे, हे तर पुरते माहीत आहे. पालक स्थलांतरित झाले तरी मूल गावी राहावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे, आणि २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहे उघडण्याचा निर्णय झाला. ४१ तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक अशी ८२ वसतिगृहे, प्रत्येकी १०० जागा, म्हणजे एकूण ८,२०० मुले. कामगारांची संख्या लाखांत असताना हा आकडा किती अपुरा आहे, हे सांगायला नको. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या दर टनामागे १० रुपये आणि तेवढेच शासनाने द्यावेत असे ठरलेले आहे; महाराष्ट्रात दर हंगामात कोट्यवधी टन ऊस गाळला जातो, हे लक्षात घेतले तर पैसा नाही ही सबब टिकत नाही.

हंगामी वसतिगृह उघडण्याची खरी वेळ टोळ्या गावातून निघण्याच्या आधीची असते. गाड्या निघून गेल्यावर मंजुरी आली, तर तोवर मूल फडावर पोचलेले असते. हे वसतिगृह शाळा व्यवस्थापन समिती चालवते आणि शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. ज्या गावांतून कोयते जातात त्या गावांतल्या वाचकांनी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत यंदा किती मुले जाणार आहेत याची यादी मागावी आणि प्रस्ताव त्याच महिन्यात पंचायत समितीकडे पाठवायला लावावा. जे वाचक कारखान्याचे सभासद आहेत, त्यांनी वार्षिक सर्वसाधारण सभेत टनामागचे १० रुपये भरले की नाहीत, एवढा एकच प्रश्न विचारावा.